हंगामी कारखाने आणि आजारी मजूर

कोल्हापुरी गुळाची ख्याति दूरवर आहे. परंतु मजुरांच्या कायद्यांत गुळाचा उल्लेख कशासाठीं आला, हें फारसें कोणास ठाऊक नाहीं. आजारी मजुरास पगाराची जोड देणाऱ्या कायद्यानें जे धंदे वगळले, त्यांत गूळ नांवानिशीं आहे.

१९४३ सालीं हिंदुस्थान सरकारनें प्रो. बी. पी. आडारकर यांस मजुरांच्या आजार-विम्याची योजना आंखण्यास सांगितलें. १९४४ च्या त्यांच्या अहवालांत कापड, यंत्रकाम आणि खनिज-धातु एवढ्याच धंद्यांचा विचार होता. पुढें १९४८ सालीं राज्य कामगार विमा कायदा झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर आणि दिल्ली येथें त्याचा अंमल सुरू झाला. यंत्रशक्तीवर चालणारे, वीस किंवा अधिक मजुरांचे सर्व कारखाने त्यानें कक्षेंत घेतले. हंगामी कारखाने मात्र बाहेर ठेविले. सरकी काढणें, कापूस व ताग दाबणें, भुईमूग फोडणें, चहा, कॉफी, नीळ, लाख, रबर आणि साखर अशी ती यादी; साखरेंत गूळही धरावा, असें तींत स्पष्ट म्हटलें आहे.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें. १९०६ च्या शाहू मिलसारख्या बारमाही गिरणींतला विणकर या कायद्याच्या व्याख्येंत बसणारा; साखर कारखान्यांतला मजूर व गुऱ्हाळांतला गुळव्या तिच्याबाहेरचे. गुऱ्हाळ तर माणसांच्या संख्येनेंही बहुधा कायद्यास उणें पडे. उकळत्या काहिलीपाशीं रात्र काढणाऱ्यास आजार कमी होतो, असें कोण म्हणेल?

वगळण्याच्या बाजूनें एक कारण दिसतें. विमा वर्गणीवर चालतो. हंगाम सरल्यावर मजूर पांगतात, मग वर्गणीचा व हक्काचा मेळ कसा घालावा? ही अडचण खोटी नाहीं, पण अपरिहार्यही नाहीं. पुढें रूढ झालेल्या नियमानें ऑक्टोबर ते मार्च या सहामाहींत ७८ दिवसांची वर्गणी भरणाऱ्यास त्यानंतरच्या जुलै ते डिसेंबरांत आजाराचा भत्ता मिळतो. तो वर्षांत ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या सत्तर टक्के. उसाचा हंगाम मुख्यतः याच सहामाहींत येतो! मजूर रोगानें बेजार होतो तो पुष्कळदां पावसाळ्यांत. तेव्हां हाताला कामही नसतें. मेळ घालावयाचा तर तो येथेंच होता.

कायम साखर-कामगारांस १९५७ च्या वेतन मंडळापासून संघटनेच्या बळावर कांहीं सवलती मिळाल्या. गुऱ्हाळांतल्या मजुरामागें तें बळ नव्हतें. नोव्हेंबर २०२५ मध्यें अंमलांत आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंही हंगामी कारखान्यांचा अपवाद राखला. आरंभीं सोयीसाठीं केलेला अपवाद सात दशकांनंतरही टिकतो, तेव्हां त्यास सोय म्हणणें आम्हांस पटत नाहीं. धंदा हंगामी असेल. त्यांत राबणाऱ्याचें शरीर बारमाही आहे.