मानसिक अस्वास्थ्याच्या प्रश्नावलीची वैधता : एक ऐतिहासिक आढावा
(उंब्रज परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १०० अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला. त्यामुळे महाविद्यालयांत मानसिक अस्वास्थ्याच्या प्रश्नावलींचा वापर वाढण्याचा संभव आहे. अशी प्रश्नावली कोणत्या आधारावर विश्वासार्ह मानावी, याचा प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

मराठीतील पूर्वपरंपरा :
परकीय चाचणीचे केवळ भाषांतर पुरेसे नसते, ही जाणीव मराठी प्रदेशास नवी नाही. धारवाड येथील व्ही. व्ही. कामत यांनी बिने बुद्धिमापन श्रेणीचे रूपांतर कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी केले आणि ते १९३४ मध्ये मांडले. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न येथील मुलांवर पडताळून त्यांची श्रेणी ठरविणे, हे या कार्याचे वैशिष्ट्य होय.

अस्वास्थ्यमापनाचा विकास :
डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९७२ मध्ये ६० प्रश्नांची सामान्य आरोग्य प्रश्नावली सिद्ध केली. पुढे तिची १२ प्रश्नांची आवृत्ती जगभर रूढ झाली. तिचा हेतू रोगनिदान नसून, कोणाची अधिक तपासणी करावी हे ठरविणे हा होता. १९८५ मध्ये गुडचाइल्ड व डंकन-जोन्स यांनी तिच्यातील एक उणीव दाखविली. दीर्घकाळ त्रस्त असलेली व्यक्ती 'नेहमीइतकेच' असे उत्तर देते आणि त्रास असूनही निरोगी गणली जाते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बंगळूरसह १५ केंद्रांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात योग्य मर्यादागुण केंद्रागणिक भिन्न आढळला. २००८ मध्ये विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील प्राथमिक आरोग्य सेवेत पाच प्रश्नावलींची तुलना सविस्तर मुलाखतीच्या निकषावर केली. तथापि ते उत्तरदाते रुग्ण होते, विद्यार्थी नव्हेत.

उंब्रज परिसर व भाषेचा प्रश्न :
तारळी व कृष्णा यांच्या काठचे उंब्रज हे महामार्गावरील बाजाराचे गाव आहे. अशा गावातील महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून एस.टी.ने येणारा विद्यार्थी 'मी खिन्न आहे' असे क्वचितच म्हणेल. 'करमत नाही', 'डोकं जड झालंय', 'टेन्शन आलंय' हे त्याचे शब्द होत. त्यातही 'टेन्शन' हा शब्द परीक्षेची धास्ती, घरची आर्थिक ओढाताण आणि खरे नैराश्य या तिन्हींना लागू पडतो. म्हणून भाषांतर व उलट भाषांतर झाल्यानंतर प्रत्येक प्रश्नाचा विद्यार्थ्याने काय अर्थ घेतला, हे त्याच्याकडूनच समजून घेणे अगत्याचे ठरते. क्रॉनबाख यांचा १९५१ मधील अल्फा गुणांक प्रश्नांची परस्परसंगती दाखवितो. त्यावरून वैधता सिद्ध होत नाही. त्यासाठी काही विद्यार्थ्यांची, प्रश्नावलीतील गुण ठाऊक नसलेल्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र मुलाखत आवश्यक असते. मुलाखतीसाठी केवळ अधिक गुण मिळविणारे निवडल्यास सुटलेले विद्यार्थी कधीच लक्षात येत नाहीत.

निष्कर्ष :
उसना मर्यादागुण दोन प्रकारे अन्याय करतो. निरोगी विद्यार्थ्यावर शिक्का बसतो आणि मदतीची खरी गरज असलेला विद्यार्थी 'ठीक' म्हणून परत पाठविला जातो. यांपैकी दुसरी चूक प्राणावर बेतू शकते. कामत यांनी बुद्धिमापनात पाळलेली पडताळणीची शिस्त अस्वास्थ्यमापनातही पाळली जाणे आवश्यक आहे. स्थानिक पडताळणी होईपर्यंत प्रश्नावलीतील गुण हे संवादाचे निमित्त मानावेत, निर्णयाचा आधार नव्हे.