मँचेस्टर : नावाचा अर्थ व उपयोग

इंग्लंडच्या वायव्य भागातील औद्योगिक शहर व पूर्वीचे बंदर. कापडधंद्यामुळे या शहराचे नाव जगभर उपाधीसारखे वापरले जाऊ लागले. मराठीत ते प्रथम प्रतिस्पर्ध्याचे नाव म्हणून आले आणि पुढे भूषणाचे ठरले. भिवंडी (जि. ठाणे) येथे त्याचा या दुसऱ्या अर्थाने वापर आढळतो.

रोमनांनी इ. स. सु. ७९ मध्ये येथे किल्ला बांधला. त्याचे ‘मामूकियम’ हे नाव ब्रिटनच्या प्राचीन केल्टिक भाषेतील ‘स्तन’ या अर्थाच्या शब्दावरून, किल्ल्याच्या गोलसर टेकाडास उद्देशून पडले असावे, असे सामान्यतः मानतात. त्याचा संबंध नदीरूप मातृदेवतेशी जोडणारेही एक मत आहे. ‘चेस्टर’ हे उत्तरपद लॅटिन ‘कास्त्रा’ (लष्करी तळ) या शब्दापासून आलेले आहे. कापूस वा सूत यांचा या व्युत्पत्तीत मागमूसही नाही. समुद्रापासून दूर असलेल्या या शहराचा कापूस लिव्हरपूल बंदरातून येई. १८९४ मध्ये सु. ५८ किमी. लांबीचा जहाजकालवा खुला झाल्यावर मात्र मँचेस्टर स्वतःच बंदर बनले.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने आयात सुती मालावर पुन्हा जकात बसविली. तिचा लँकेशरच्या गिरणीमालकांना जाच होऊ नये म्हणून देशी गिरण्यांच्या मालावरही कर लादण्यात आला. १८९६ च्या कायद्याने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर ठरला. टिळकांच्या केसरीने त्याविरुद्ध लोकमत जागृत केले. ‘मँचेस्टर’ म्हणजे परक्याच्या हितासाठी देशी उद्योगाचा गळा आवळणारी सत्ता, हा अर्थ तेव्हापासून दृढ झाला आणि १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत त्यास अधिकच धार आली. हा कर १९२५ मध्ये थांबविण्यात आला.

या रोषाबरोबरच स्पर्धेची ईर्षाही होती. अहमदाबादला ‘भारताचे’, कोईमतूरला ‘दक्षिण भारताचे’ आणि १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविणाऱ्या इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणण्याचा प्रघात पडला. भिवंडीलाही हीच उपाधी लावतात. कामवारी नदीकाठचे हे गाव खाडीमार्गे समुद्राशी जोडलेले जुने व्यापारी बंदर होते. म्हणजे मँचेस्टर कापडामुळे बंदर झाले, तर भिवंडी बंदराची कापडनगरी झाली. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग चालविले. १९३० नंतरच्या काळात यंत्रमाग वाढले आणि १९८२ च्या मुंबई गिरणी संपानंतर त्यांचा विस्तार झपाट्याने झाला. धामणकर नाका हा या नगरीतील गजबजलेला चौक. त्यालगतच्या पद्मानगरात तेलुगू भाषिक पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. मुंबई मेट्रोच्या ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गिकेतील एका स्थानकासही या नाक्याचे नाव देण्यात आले आहे.

उपाधी म्हणून हे नाव भिवंडीस कितपत शोभते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टर हे मुख्यतः कापडाच्या सौद्यांचे व गुदामांचे शहर होते. प्रत्यक्ष विणकाम ब्लॅकबर्न, बर्न्ली यांसारख्या गावांत चाले. बर्न्लीत लहान कारखानदार दुसऱ्याच्या शेडमधील जागा व वाफेची शक्ती भाड्याने घेऊन माग चालवीत. भिवंडीतही सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचे आणि श्रम तिसऱ्याचे, ही जॉबवर्कची पद्धत रूढ आहे. या दृष्टीने भिवंडीला बर्न्ली म्हणणे अधिक युक्त. मँचेस्टरचे काम मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटने केले. शिवाय ‘मँचेस्टर’ या शब्दाने भव्य गिरण्यांचे चित्र उभे राहते. पत्र्याच्या शेडमध्ये बारा-बारा तास साध्या मागावर उभा राहणारा, बहुधा परप्रांतातून आलेला कामगार त्या चित्रात दिसत नाही. लहान कारखान्यांत विखुरलेल्या या धंद्यातील अनेक कामगार कारखाने कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहिले, ही बाबही उपाधीच्या झगमगाटात झाकली जाते.

मूळ मँचेस्टरच्या रॉयल एक्सचेंजमधील कापसाचे सौदे १९६८ मध्ये बंद झाले आणि १९७६ पासून त्या वास्तूत नाट्यगृह आहे. तेथील गोद्या १९८२ मध्ये बंद पडल्या. भिवंडीत अलीकडच्या मंदीत अनेक साधे माग भंगारात वजनावर विकले गेले आणि शहराच्या परिसरात गुदामांचा धंदा फोफावला.