बर्ड फ्लू आणि पोल्ट्री: साथीनंतर फार्म पुन्हा सुरू व्हायला किती काळ लागतो?

बर्ड फ्लूची बातमी आली की दवाखान्यात दोन प्रकारचे प्रश्न येतात. चिकन-अंडी खाणारे विचारतात, "आता खायचं की नाही?" ज्यांच्या घरी पोल्ट्री आहे ते विचारतात, "आम्हाला काही होईल का, आणि धंद्याचं काय?" या दोन्ही प्रश्नांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. साथ लवकर कळली, तर माणसांचा धोका कमी होतो आणि पोल्ट्रीचे नुकसानही आटोक्यात राहते.

बर्ड फ्लू म्हणजे काय?

बर्ड फ्लू हा इन्फ्लुएन्झा 'ए' गटातील विषाणूंमुळे पक्ष्यांना होणारा आजार आहे. एच५एन१ हा त्यातील सर्वांत परिचित प्रकार. रानबदके व इतर पाणपक्षी हा विषाणू बाळगून दूरवर नेतात. त्यांची विष्ठा, दूषित पाणी, खाद्याच्या गोण्या, अंड्यांचे ट्रे, गाड्यांची चाके आणि माणसांच्या चपला यांतून तो शेडमध्ये पोहोचतो.

शेडमध्ये हजारो कोंबड्या एकाच छपराखाली असतात. त्यामुळे तीव्र प्रकारचा विषाणू शिरला, तर काही दिवसांतच बहुतेक पक्षी मरू शकतात. अचानक मरतूक वाढणे, तुरा व गलोल निळसर पडणे, डोके सुजणे, अंडी एकदम घटणे ही त्याची लक्षणे आहेत. राणीखेत म्हणजेच मानमोडी या रोगातही यातील बरीच लक्षणे दिसतात. म्हणून केवळ पाहून निदान करता येत नाही, नमुने तपासावेच लागतात.

नवापूरचा अनुभव काय सांगतो?

भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. नवापूर हे अंडी उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. मरतूक सुरू झाली तेव्हा ती राणीखेतमुळे असल्याचे मानले गेले. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने एच५एन१ चे निदान केल्यावर त्या भागातील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्या वेळी एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. तरीही भीतीपोटी देशभर चिकन व अंड्यांची मागणी कोसळली आणि जिथे रोग नव्हता तिथल्या पोल्ट्रीधारकांनाही फटका बसला.

नवापूरच्या पोल्ट्री पुन्हा उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. म्हणजे एकदा सावरलेला फार्म कायमचा सुरक्षित होत नाही. रोज पाळायची स्वच्छता आणि लवकर कळवणे हेच त्याचे खरे संरक्षण आहे.

निदान झाल्यावर फार्मवर काय होते?

सध्याच्या पद्धतीनुसार बाधित ठिकाणापासून साधारण १ किलोमीटर परिसर 'बाधित क्षेत्र' आणि १० किलोमीटरपर्यंतचा परिसर 'निगराणी क्षेत्र' ठरवला जातो. बाधित क्षेत्रातील सर्व कोंबड्या नष्ट करतात, त्यात निरोगी दिसणाऱ्याही आल्या. पक्षी, अंडी, खाद्य आणि शेडमधील तूस खड्ड्यात पुरतात. वाहतूक व विक्री थांबते. त्यानंतर शेडची साफसफाई आणि निर्जंतुकीकरण होते.

निरोगी कोंबड्या का मारायच्या, असे अनेकांना वाटते. लक्षणे दिसण्याआधीच पक्षी विषाणू पसरवू लागतो. एक शेड वाचवण्यासाठी थांबलो, तर शेजारची दहा शेड धोक्यात येतात. शिवाय विषाणू जितका जास्त पक्ष्यांमध्ये फिरतो, तितकी त्यात बदल होण्याची संधी वाढते. माणसांच्या दृष्टीने हाच मोठा धोका आहे.

पुन्हा सुरुवात करायला किती वेळ लागतो?

निर्जंतुकीकरणानंतर परिसरावर साधारण तीन महिने निगराणी ठेवली जाते. तोवर शेड रिकामेच राहते. पुढचा हिशेब व्यवसायाच्या प्रकारावर अवलंबून असतो.

- ब्रॉयलर (मांसासाठी): पिल्लू साधारण सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते. त्यामुळे पहिली विक्री साधारण साडेचार ते पाच महिन्यांनी होते.
- लेअर (अंड्यांसाठी): कोंबडी १८ ते २० आठवड्यांची झाल्यावर अंडी देऊ लागते. एक दिवसाच्या पिल्लापासून सुरुवात केली, तर पहिले अंडे दिसायला सात ते आठ महिने लागतात. तयार तलंगा मिळाल्या तर हा काळ कमी होतो, पण खर्च वाढतो.

लेअर फार्ममध्ये आणखी एक अडचण असते. तिथे वेगवेगळ्या वयाचे गट ठेवतात, म्हणजे वर्षभर अंडी मिळत राहतात. सगळे पक्षी एकदम गेले की ही साखळी पहिल्यापासून जुळवावी लागते. अमेरिकेत २०२२ पासूनच्या साथीत १६ कोटींहून अधिक पक्षी गेले, आणि मार्च २०२५ मध्ये तिथे डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६ डॉलरच्या वर गेला. त्यामागे नव्या कोंबड्या तयार व्हायला लागणारा हा वेळही होता.

नुकसानभरपाई मिळते का?

मिळते. ही रक्कम केंद्र आणि राज्य सरकार निम्मी-निम्मी देतात. महाराष्ट्रात २०२१ च्या साथीत आठ आठवड्यांवरील लेअर कोंबडीला ९० रुपये आणि सहा आठवड्यांवरील ब्रॉयलरला ७० रुपये असा दर होता. सध्याचे दर पशुसंवर्धन विभागाकडून समजून घ्या. रिकाम्या शेडच्या काळातले कर्जाचे हप्ते, मजुरी आणि वीजबिल यांची भर या रकमेतून निघत नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: भरपाई सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे "आणखी दोन दिवस बघू" म्हणण्यात आरोग्याबरोबर पैशाचेही नुकसान आहे. २००९ च्या कायद्यानुसार असा आजार कळवणे मालकावर बंधनकारकही आहे. कंत्राटी पद्धतीत पक्षी कंपनीचे असतात, म्हणून भरपाई कोणाला मिळणार हे करार करतानाच पाहून घ्या.

तुमच्या घरी पोल्ट्री असेल तर

- मरतूक अचानक वाढली, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा.
- मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नका, विकू नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका.
- शेडसाठी वेगळे कपडे व गमबूट ठेवा. ते घरात आणू नका.
- मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना शेडपासून दूर ठेवा.
- पक्षी नष्ट करण्याच्या कामात असलेल्यांनी मास्क, चष्मा, हातमोजे वापरावेत आणि पुढील १० दिवस ताप-खोकल्यावर लक्ष ठेवावे.

रिकाम्या शेडच्या काळात अनेक घरांत झोप उडते, चिडचिड होते, व्यसन वाढते. घरातला कर्ता माणूस गप्प गप्प राहू लागला, निराशेचे बोलू लागला, तर "होईल सगळं ठीक" एवढ्यावर थांबू नका. 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

चिकन आणि अंडी खावीत का?

नीट शिजवलेले चिकन व अंडी खायला हरकत नाही. ७० अंश सेल्सिअस तापमानाला हा विषाणू मरतो, आणि आपल्याकडचा रस्सा तर चांगला उकळतो. मांस आतून गुलाबी राहू देऊ नका. साथीच्या काळात हाफ फ्राय किंवा कच्चे अंडे टाळा. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा. आजारी किंवा मेलेली कोंबडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

माणसाला बर्ड फ्लू क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असू शकतो. २००३ पासून जगभर नोंदलेल्या एच५एन१ च्या मानवी रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. भारतात या विषाणूने झालेला पहिला मानवी मृत्यू २०२१ मध्ये नोंदला गेला, तो हरियाणातील एका मुलाचा.

आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी संपर्क आल्यावर पुढील दहा दिवसांत ताप, खोकला, घसादुखी, डोळे लाल होणे किंवा धाप लागणे यांपैकी काही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. पक्ष्यांशी संपर्क आल्याचे स्वतःहून सांगा, विचारण्याची वाट पाहू नका. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास जास्त उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.