गिरणीवाल्याच्या मुलाचे आकाश

निसर्गापासून मिळणाऱ्या स्फूर्तीविषयी सुशिक्षितांतही एक गोड समजूत रूढ आहे. उंच गिरिशिखरे दिसावीत, मन उचंबळून यावे आणि कुंचला आपोआप चालू लागावा, अशी काहीशी ती समजूत होय. इंग्लंडचा थोर निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल याचे चरित्र पाहू लागलो म्हणजे मात्र ती टिकत नाही. त्यास स्फूर्ती लाभली ती सखल प्रदेशातील एका साध्यासुध्या खोऱ्यात. आणि तिचा उगम, आमच्या मते, त्याच्या वडिलांच्या धंद्यात होता.

कॉन्स्टेबलचा जन्म १७७६ साली सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट या गावी झाला. वडील गोल्डिंग हे धान्याचे सधन व्यापारी. स्टूर नदीकाठी फ्लॅटफर्ड व डेडम येथे त्यांच्या पाणचक्क्या होत्या. गावाबाहेरच्या माळावर एक पवनचक्की होती. थोरला मुलगा व्यवहारास असमर्थ असल्यामुळे धंदा जॉनने सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती, आणि तदनुसार त्याने काही वर्षे गिरणीत कामही केले. पवनचक्की चालविणाऱ्यास आकाशाकडे दुर्लक्ष करून भागत नाही. वारा कोठून उठतो, कोणता ढग पाऊस आणील व कोणता नुसताच पुढे जाईल, हे त्यास वेळीच उमगावे लागते. नाही तर सोसाट्याच्या वाऱ्यात पात्यांची धडगत नसते. कवीला जे आकाश विलासाचा विषय वाटते, ते या मुलाला रोजच्या कामाची बाब म्हणून वाचावे लागले.

चित्रकलेतील त्याचा पहिला सोबती डन्थॉर्न हा गावातील नळ व काचा बसविणारा कारागीर होता. पुढे सर जॉर्ज बोमाँट या रसिक गृहस्थाच्या संग्रहातील क्लोद याचे एक निसर्गचित्र त्याने पाहिले, आणि त्याचे मन कायमचे तिकडे ओढले गेले. अखेर १७९९ साली वडिलांनी अनुमती दिली व तो लंडनच्या रॉयल अकॅडमीत दाखल झाला. तेथे जुन्या आचार्यांच्या प्रतिकृती करण्यात काही काळ गेला. परंतु १८०२ च्या सुमारास आपण सत्य दुसऱ्यांच्या हातून उसने घेत आहो, ही जाणीव त्यास झाली. त्याच वर्षी चालून आलेली चित्रकला-शिक्षकाची जागा त्याने नाकारली, आणि तो आपल्या गावच्या शेतांकडे परतला. १८०६ साली तो सरोवरांच्या डोंगराळ प्रांतातही हिंडून आला. पण त्या भव्य एकांताने त्याचे मन दडपून गेले. माणसाच्या श्रमांच्या खुणा जेथे आहेत, असाच निसर्ग त्यास आपला वाटे.

१८२१ साली त्याने 'गवताची गाडी' हे सुप्रसिद्ध चित्र प्रदर्शनात मांडले. फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळील उथळ पाण्यात उभी असलेली रिकामी गाडी, काठावरचे घर, एक कुत्रे आणि वर चढत जाणारे ढग, एवढाच त्याचा विषय. चित्र लंडनमध्ये रंगविले गेले. परंतु त्यामागे त्या काठावर केलेल्या अनेक वर्षांच्या रेखाटनांची शिदोरी होती. त्याच सुमारास, १८२१-२२ मध्ये, हॅम्स्टेडच्या टेकडीवर त्याने आकाशाचे पुष्कळ अभ्यास केले, आणि कित्येकांच्या पाठीवर तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. आकाश म्हणजे वस्तूंच्या मागे टांगलेला पडदा नव्हे, सबंध चित्राचा भाव तेथूनच ठरतो, असे त्याचे मत होते. या टिपणांत आम्हांस गिरणीतला तो जुना उमेदवारच दिसतो.

या निष्ठेची किंमतही त्यास मोजावी लागली. उत्पन्न बेताचे, आणि मुलीकडील आजोबांचा विरोध. यामुळे मरायाशी विवाह होण्यास सात वर्षे थांबावे लागले. तो १८१६ साली झाला. 'गवताची गाडी' लंडनच्या प्रदर्शनात विकली गेली नाही. १८२४ साली तेच चित्र पॅरिसला गेले, तेथे त्यास सुवर्णपदक मिळाले, आणि देलाक्रवासारखा चित्रकार त्याने प्रभावित झाला. टर्नर त्याच्याहून एकच वर्षाने वडील. तो १८०२ मध्येच अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला होता. कॉन्स्टेबलला तो मान १८२९ साली, बावन्नाव्या वर्षी, अवघ्या एका मताधिक्याने मिळाला. तोपर्यंत मराया क्षयाने निवर्तली होती, आणि सात मुले मागे उरली होती. यानंतरच्या त्याच्या चित्रांतील आकाश अधिक काळवंडलेले दिसते. १८३७ साली तो वारला.

त्याच्या दृष्टीला मर्यादा होत्या, हेही सांगितले पाहिजे. १८२२ साली त्याच्याच प्रांतात शेतमजुरांचे दंगे उसळले. त्या हालअपेष्टांची छाया त्याच्या हिरव्या शेतांवर पडलेली नाही. तथापि जे त्याने पाहिले, ते इतक्या नेटाने पूर्वी फार थोड्यांनी पाहिले होते.

चित्रे काढू लागलेला मुलगा धंद्यातून गेला, असे कोणत्याही गोल्डिंगला वाटणे स्वाभाविक आहे. आणि गिरणीत गेलेली वर्षे फुकट गेली, असे कोणत्याही तरुण कलावंतासही वाटेल. या घराण्यात दोन्ही हिशेब चुकीचे ठरले. धंदा धाकट्या एब्रमने सांभाळला; आणि जॉनने रंगविलेली गिरणी खरोखर फिरेल असे वाटते, ही पावतीही त्याच गिरणीवाल्या भावाने दिली. रॉयल अकॅडमीच्या सभासदत्वापेक्षा ती पावती आम्हांस अधिक मोलाची वाटते.