आडनांवांची साक्ष

‘आडनांव’ या शब्दांतील ‘आड’ हें उपपद आडवाट, आडगांव या शब्दांतलेंच आहे. हमरस्ता सोडून बाजूस गेलेली ती आडवाट. खऱ्या नांवाच्या बाजूला चिकटलेलें तें आडनांव. स्वतःचें एक नांव व बापाचें एक, एवढ्यावर मराठी मनुष्याचें शेंकडों वर्षें भागत होतें. संतांनीं अभंगांत मुद्रा घातली ती नांवाची; तुकोबा मोरे होते हें पुष्कळ वारकऱ्यांस मुद्दाम सांगावें लागतें. मोडी कागदांतहि ‘अमुक बिन तमुक’ एवढें लिहून पुढें हुद्दा किंवा गांव घातला कीं मनुष्याची ओळख पटे. तेंच बाजूचें नांव आज इतकें पुढें सरसावलें आहे कीं, लग्नाच्या बोलण्यांत आधीं त्याचीच विचारपूस होते व त्यावरून मनुष्याची जात, कुळ आणि योग्यता तिन्ही एका दमांत ठरविलीं जातात. ज्याच्या शब्दावर एवढा निकाल द्यावयाचा, त्या साक्षीदाराची उलटतपासणी नको काय?

प्रथम हुद्द्यांचीं आडनांवें घेऊं. शिवाजी महाराजांनीं १६७४ मध्यें राज्याभिषेकाच्या वेळीं फारशी हुद्द्यांना संस्कृत नांवें दिलीं. मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि सरनोबताचा सेनापति झाला. राज्यव्यवहारकोशहि याच हेतूनें सिद्ध करविला गेला. पण आज आपल्या आसपास पाहावें तर मुजुमदार, डबीर, सुरनीस, वाकनीस, सरनोबत हीं घरें नांदत आहेत. अमात्य व सचिव मात्र बावड्याचे आणि भोरचे, म्हणजे जेथें पदाबरोबर मुलूखहि वंशाकडे राहिला तेथलेच, विशेष प्रसिद्ध आहेत. छत्रपतींची आज्ञा दरबारांत चालली, लोकांच्या जिभेवर चालली नाहीं. चिटणीस, फडणीस, पारसनीस यांतला ‘नीस’ हाहि फारशी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. संस्कृताचा अभिमान वाहणाऱ्या कित्येक घराण्यांच्या दारावरील पाटी अशी निम्मी फारशी आहे, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

हुद्दा हा जुन्या आडनांवास गिळूनहि टाकतो. बाळाजी विश्वनाथ हे श्रीवर्धनचे भट. १७१३ मध्यें त्यांस पेशवाई मिळाली आणि पुढें ‘भट’ हें नांव इतिहासाच्या पुस्तकापुरतें उरलें. नाना फडणीस यांचें घराणें भानूंचें, पण ‘नाना भानु’ असें म्हटलें तर कोणास अर्थबोध व्हावा? इतक्या प्रसिद्ध घराण्यांची ही कथा, तर खेड्यांतल्या कुलकर्ण्याची काय? पिढीजाद वृत्तीमुळें एक भाऊ कुलकर्णी राहतो, दुसऱ्याचा वंश परगांवीं जाऊन जोशी होतो. उलट एका गांवच्या कुलकर्ण्याचें दुसऱ्या गांवच्या कुलकर्ण्याशीं नातें तितकेंच, जितकें एका पोस्टमास्तराचें दुसऱ्या पोस्टमास्तराशीं. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें गेलीं, १९६२ च्या कायद्यानें वंशपरंपरेची पाटिलकीहि गेली. काम सुटलें, नांव सुटलें नाहीं.

‘कर’ प्रत्ययाचीं आडनांवें सरळ दिसतात. परंतु सर्वच गांवकरी असलेल्या गांवांत ‘अमुकगांवकर’ म्हणून कोणाची ओळख पटणार? हें आडनांव बहुधा गांव सोडणारालाच मिळतें. तें वसतीचें नव्हे, स्थलांतराचें चिन्ह आहे. याचा सर्वांत बोलका दाखला बेने इस्रायल समाजाचा. कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेल गाळून राहणाऱ्या या यहुदी लोकांनीं किहीमवरून किहीमकर, रोह्यावरून रोहेकर, पेणवरून पेणकर अशीं नांवें घेतलीं. १९४८ मध्यें इस्रायल राष्ट्र झाल्यावर त्यांतले बहुतेक तिकडे गेले. कोंकणांतल्या चिमुकल्या खेड्यांचीं नांवें त्यांच्याबरोबर भूमध्यसमुद्राच्या कांठीं पोंचलीं. मात्र प्रत्येक ‘कर’ गांवचाच असतो असें नाहीं. भांडारकरांचें गांव नकाशांत शोधूं नये; तेथें भांडाराशीं संबंध आहे.

आतां खरा वादाचा मुद्दा. मोरे हें मौर्यांवरून, जाधव यादवांवरून, साळुंखे चालुक्यांवरून, शेलार शिलाहारांवरून, कदम कदंबांवरून आलें असें सांगतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीनें यांत ओढाताण नाहीं; ‘य’चा ‘ज’ होणें हा प्राकृताचा नेहमींचा मार्ग. शिवाय कोंकणांत मौर्य राज्य करीत होते याला ६३४ सालच्या ऐहोळे येथील शिलालेखाची साक्ष आहे. पण शब्दाची वंशावळ जुळली म्हणजे रक्ताची जुळली, असें मानणें ही उडी फार लांबची. राजाचें नांव त्याच्या पोरांबरोबर त्याचे शिपाई, कुळें व आश्रितहि धारण करतात. उलट फलटणच्या निंबाळकरांनीं निंबळक गांवाचें नांव घेऊन आपलें पवारपण मागें टाकलें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं व्युत्पत्तींवर अपार श्रम घेतले. परंतु प्रत्येक देशी शब्दाच्या पाठीशीं संस्कृत उभें करण्याच्या त्यांच्या हौसेला मी तरी मान डोलावूं शकत नाहीं. कांहीं आडनांवें निव्वळ थट्टेंतून आलीं असावींत. पहिल्या सहस्रबुद्ध्याला तें नांव गौरवानें मिळालें कीं शेजाऱ्यांच्या खवचटपणानें, हें कोणत्या धातूवरून ठरवावें?

आणि ज्यांना दरबार, वतन व वंशावळ यांतलें कांहींच लाभलें नाहीं त्यांचें काय? कोरेगांव-भीमा येथील स्तंभावर १८१८ च्या लढाईंत कंपनीच्या बाजूनें पडलेल्या महार शिपायांचीं नांवें आहेत. स्वतःचें नांव व बापाचें नांव, दोहोंच्या शेवटीं ‘नाक’. आडनांवाची जागाच नाहीं. अशा समाजांच्या आडनांवांना कायमचें रूप मिळालें तें पुढें पलटणीच्या, कोर्टाच्या व शाळेच्या पुस्तकांत, म्हणजे लिहिणाराच्या मर्जीवर. कोठें धंदाच आडनांव म्हणून लिहिला गेला, आणि तें ओझें नातवंडांनीं सरकारी राजपत्रांत जाहिरात देऊन उतरविलें. आंबडवे गांवच्या सकपाळ घराण्यांतला एक मुलगा १९०० मध्यें साताऱ्याच्या शाळेंत दाखल झाला. पुस्तकांत नोंद झाली ती ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी. आंबडवेकरचें आंबेडकर कसें झालें याच्या हकीकती निरनिराळ्या सांगतात. पण कोणत्याहि शहाण्णव कुळींत न सांपडणारें तें नांव पुढें राज्यघटनेशीं कायमचें जोडलें गेलें, आणि मागच्या कोणत्याहि वंशावळीची त्याला गरज लागली नाहीं.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रांत जन्मलेल्या मुलाची सरकारी नोंद स्वतःचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव आणि मग आडनांव अशा क्रमानें करावयाची आहे. तिसऱ्या जागेवरचें आडनांव आतां चौथ्या जागेवर गेलें.