मराठी चित्रपटातील कलादिग्दर्शन : ग्रंथ आणि साधने

चित्रपटात दिसणारी स्थळे, वास्तू, वस्तू आणि रंगसंगती यांची योजना करून ती कथेच्या काळाशी व आशयाशी जुळवून घेण्याच्या कामास कलादिग्दर्शन म्हणतात. या कामाविषयी इंग्रजी व फ्रेंच भाषांत स्वतंत्र ग्रंथांची परंपरा आहे. मराठीत मात्र या विषयाचे ज्ञान मुख्यतः चरित्रे, आत्मचरित्रे, चित्रसंस्थांचे इतिहास आणि रंगभूमीविषयक लेखन यांत विखुरलेले आहे. चित्रीकरण संपताच सेट मोडला जातो आणि त्यातील लाकूडफाटा पुढच्या सेटला लागतो. मराठी मूकपटांपैकी बहुतेकांच्या फितीही आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे अनेक कलाकृतींच्या बाबतीत हे विखुरलेले लेखन आणि काही छायाचित्रे एवढाच पुरावा उरला आहे.

संज्ञा

मराठीत रंगमंचावरील देखाव्यांच्या रचनेस ‘नेपथ्य’ म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. आहार्य अभिनयाच्या विवेचनात नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. डोंगर, रथ, विमान, शस्त्रे यांच्या प्रतिकृती ‘पुस्त’ या प्रकारात येतात. अलंकार व अंगरचना यांत वेशभूषा आणि रंगभूषा येते, तर संजीव म्हणजे रंगमंचावर आणले जाणारे प्राणी. आज चित्रपटात ज्या कामांसाठी निरनिराळे विभाग असतात ती सर्व या एका शब्दात सामावलेली होती.

चित्रपटसृष्टीत ‘कलादिग्दर्शक’ ही संज्ञा रूढ झाली. ‘प्रॉडक्शन डिझायनर’ ही संज्ञा १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’ या अमेरिकी चित्रपटामुळे प्रतिष्ठित झाली. विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांनी त्या चित्रपटाच्या संपूर्ण दृश्यरूपाची आखणी केली होती व श्रेयनामावलीत त्यांचा तसा उल्लेख झाला. प्रॉडक्शन डिझायनर दृश्यरूपाची एकूण कल्पना ठरवतो आणि कलादिग्दर्शक ती सुतार, रंगारी, मूर्तिकार यांच्याकडून प्रत्यक्षात उतरवून घेतो, असा भेद सामान्यतः केला जातो. ऑस्कर पारितोषिकांतील या विभागाचे नाव २०१२ मध्ये बदलून ‘प्रॉडक्शन डिझाइन’ असे करण्यात आले. मराठी निर्मितीत ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकच व्यक्ती करीत आली. म्हणून जुन्या मराठी पुस्तकांत हा भेद शोधू नये.

पार्श्वभूमी : रंगवलेला पडदा

मराठी चित्रपटातील कलादिग्दर्शनाचा उगम दक्षिण महाराष्ट्रातील नाटकांच्या पडद्यांत आहे. विष्णुदास भावे यांनी सांगली येथे १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हा नाट्यप्रयोग केला. त्या काळच्या नाटकांत देखाव्यांना फारसे स्थान नव्हते. पुढे संगीत नाटकांच्या वैभवकाळात राजवाडा, उपवन, रस्ता, अरण्य असे रंगवलेले पडदे हे नाटक मंडळीचे भांडवलच झाले. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये शकुंतलेची पहिली भूमिका केली, ती याच वैभवकाळात. मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्ग १८९१ पासून सुरू होता. मिरज, सांगली आणि कोल्हापूर ही तीन गावे नाटक मंडळ्यांच्या दृष्टीने जवळजवळ एकाच अंगणातली होती.

रंगवलेल्या पडद्याला एक मूलभूत मर्यादा असते. खांबाची सावली चित्रकाराने एकदाच रंगवलेली असते; रंगमंचावरचा उजेड कोठूनही आला तरी ती हलत नाही. प्रेक्षकाची जागा ठरलेली असल्यामुळे नाटकात हे खपून जाते. कॅमेरा मात्र जवळ येतो, बाजूला सरकतो आणि कापडावरची सुरकुतीही टिपतो. नटाची खरी सावली रंगवलेल्या खांबावर पडली की खांब खोटा ठरतो. पडद्याकडून घनाकृती सेटकडे जाणे हे चित्रपटाच्या दृष्टीने अपरिहार्यच होते.

मूकपटांचा काळ

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटासाठी देखाव्यांचे काम स्वतःच पाहिले. चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण या तिन्ही विद्या त्यांनी शिकलेल्या होत्या. १९१७–१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. चित्रपटनिर्मात्याने स्वतःच्या व्यवसायाविषयी केलेल्या मराठी लेखनाचा हा अगदी आरंभीचा नमुना असल्याने या विषयाच्या वाचनाची सुरुवात तेथून करणे इष्ट ठरते. जया दडकर यांचा ‘दादासाहेब फाळके : काळ आणि कर्तृत्व’ हा ग्रंथ कागदपत्रांच्या आधारे लिहिलेला असून फाळक्यांविषयीच्या अनेक भाबड्या आख्यायिकांवर तो उतारा आहे.

पडदा ते सेट हे स्थित्यंतर ठळकपणे दिसते ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या कामात. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत असत. चित्रपटाच्या ओढीने दोघांनी कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदरावांचे १९१६ मध्ये निधन झाल्यावर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. रंगवलेल्या पडद्यांऐवजी घनाकृती सेटचा वापर, पोशाख व देखावे यांची आधी रेखाटने करण्याची पद्धत आणि ‘सिंहगड’ (१९२३) मधील कृत्रिम प्रकाशाचा वापर ही त्यांची वैशिष्ट्ये मानली जातात. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये त्यांनी राजवाडे व किल्ले सोडून शेतकऱ्याची झोपडी पडद्यावर आणली. पुराणातील महाल कल्पनेने उभारता येतो. प्रेक्षकाने कालच पाहिलेली झोपडी उभारताना चूक लपत नाही.

ग. रं. भिडे व बाबा गजबर यांचे ‘कलामहर्षी बाबूराव पेंटर’ हे चरित्र या काळासाठी महत्त्वाचे आहे. त्याच्या जोडीला ‘शांतारामा’ हे व्ही. शांताराम यांचे आत्मचरित्र वाचावे, कारण शांताराम महाराष्ट्र फिल्म कंपनीतच घडले. अशा पुस्तकांत कलादिग्दर्शन हा स्वतंत्र विषय नसतो. आठवणींच्या ओघात एखादा सेट, एखादी फजिती, एखादा रात्रभर चाललेला रंगकामाचा प्रसंग येऊन जातो आणि वाचकाला त्यातून माहिती वेचावी लागते. आत्मचरित्रात श्रेय लिहिणाऱ्याकडे झुकते, चरित्रात चरित्रनायकाकडे. सुतार आणि रंगारी यांच्या वाट्याला दोन्हींत फारसे काही येत नाही.

प्रभात फिल्म कंपनी

कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास गेलेली प्रभात फिल्म कंपनी ही मराठी कलादिग्दर्शनाची सर्वांत समृद्ध शाळा होय. संस्थेच्या भागीदारांपैकी शेख फत्तेलाल (१८८६–१९६४) हे मूळचे कागलचे. ‘साहेबमामा’ या नावाने ओळखले जाणारे फत्तेलाल कलाविभाग सांभाळीत, तर दामले यांच्याकडे ध्वनिमुद्रण होते. कलादिग्दर्शक स्वतः संस्थेचा मालक असल्यामुळे येथे सेट हा दिग्दर्शकाच्या हुकमाचा शेवटचा टप्पा नव्हता. चित्रपटाची कल्पना ठरतानाच त्याचा विचार होई. फत्तेलाल व दामले यांनी पुढे ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट संयुक्तपणे दिग्दर्शित केला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला.

या संस्थेविषयी बापू वाटवे यांचे ‘एक होती प्रभातनगरी’ हे पुस्तक प्रसिद्ध आहे. इसाक मुजावर यांच्या चित्रपटविषयक विपुल लेखनातही प्रभातची माहिती येते. वाटव्यांचे लेखन जिव्हाळ्याचे व वाचनीय आहे; मात्र त्यात सेटचे नकाशे, मोजमापे किंवा खर्चाचे तपशील यांची अपेक्षा ठेवू नये.

प्रभातच्या चित्रपटांकडे पाहण्यासाठी एक उपयुक्त चौकट चार्ल्स व मिरेला अॅफ्रॉन यांच्या ‘सेट्स इन मोशन’ (१९९५) या इंग्रजी ग्रंथात सापडते. सेट कथेत किती भर घालतो, यावरून त्यांनी पाच पायऱ्या कल्पिल्या आहेत. पहिल्या पायरीवर सेट केवळ स्थळ व काळ दाखवतो आणि प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही. दुसरीवर तो काही क्षणी लक्ष वेधतो, तिसरीवर भव्यतेने अर्थ वाढवतो, चौथीवर आपला कृत्रिमपणा उघड मिरवतो आणि पाचवीवर एकच वास्तू सगळ्या कथेला व्यापते. ‘अमृतमंथन’ (१९३४) मधील चंडिकेचे मंदिर तिसऱ्या पायरीवर ठेवता येईल. तेथील प्रचंड मूर्ती आणि अंधार बळीच्या प्रथेची दहशत शब्दांआधी पोहोचवतात. ‘संत तुकाराम’मधील देहू पहिल्या पायरीवरचे, आणि म्हणूनच अधिक कठीण आहे. ते गाव स्टुडिओत उभारले आहे हे पाहणाऱ्याला जाणवत नाही, आणि नेमके त्यामुळे शेवटचे विमान खरे वाटते. ‘कुंकू’ (१९३७) तर पाचव्या पायरीच्या जवळ जातो. विजोड विवाहात अडकलेल्या नीरेला ते घर कोंडवाडा आहे आणि वृद्ध काकासाहेबांचे भिंतीवरील घड्याळ त्यांच्या वयाची आठवण देत राहते. भव्य सेटचीच वाखाणणी करण्याची सवय मराठी चित्रपटलेखनाला आहे. ‘कुंकू’मधल्या माजघराकडे त्यामुळे दुर्लक्ष झाले आहे.

चित्रकार आणि वेशभूषाकार

मु. रा. आचरेकर (१९०७–१९७९) हे नामवंत चित्रकार राज कपूर यांच्या ‘आवारा’ (१९५१) सह अनेक हिंदी चित्रपटांचे कलादिग्दर्शक होते. ‘कागज के फूल’ आणि ‘जिस देश में गंगा बहती है’ या चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. त्यांचा ‘रूपदर्शिनी’ हा ग्रंथ चित्रपटाविषयी नसून भारतीय कलेतील मानवी आकृतीविषयी आहे. तरीही ‘आवारा’मधील स्वप्नदृश्याचे शिल्पवत देखावे पाहताना तो हाताशी असावा. नेपथ्यकार द. ग. गोडसे यांच्या ‘पोत’ आणि ‘शक्तिसौष्ठव’ या मराठी ग्रंथांबद्दलही हेच म्हणता येते. मराठी मुलखाचे दगड, वस्त्र, शस्त्र आणि शिल्प यांत एक समान घडण आहे हे गोडसे दाखवतात. ऐतिहासिक चित्रपटाचा सेट उभारणाऱ्याला याहून उपयोगी मराठी वाचन क्वचितच सापडेल. मूळ कागदपत्रांकडे वळायचे झाल्यास मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दफ्तरातून सिद्ध केलेले ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’चे खंड आहेत. पेशवेकालीन पत्रव्यवहाराचा तो मोठा साठा आहे.

या परिसरातील व्यक्तीने आपल्या कामाविषयी स्वतः लिहिलेला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ मात्र इंग्रजीत आहे. कोल्हापूरला १९२९ मध्ये जन्मलेल्या भानू अथैया या चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या कन्या. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. त्यांचा ‘द आर्ट ऑफ कॉस्च्यूम डिझाइन’ हा ग्रंथ २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वेशभूषा हा कलादिग्दर्शनाचा शेजारचा विभाग असला, तरी एखाद्या चित्रपटासाठी कापड कोठून शोधले, कोणता संदर्भ पाहिला, कोणते रेखाटन केले अशा प्रश्नांची उत्तरे काम करणाऱ्याच्याच लेखणीतून येणे ही आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट आहे. २०१२ मध्ये त्यांनी आपले ऑस्कर पारितोषिक जतनासाठी अमेरिकेतील अकादमीकडे परत सोपवले.

अन्य भाषांतील ग्रंथ

फ्रान्समध्ये रोबेर माले-स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने १९२८ मध्येच चित्रपटातील आधुनिक देखाव्यांवर पुस्तक लिहिले. लेओं बारसाक यांचा फ्रेंच ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. ते स्वतः कलादिग्दर्शक असल्याने त्यांचा इतिहास कारागिराच्या नजरेचा आहे. ब्रिटनच्या एडवर्ड कॅरिक यांचे पुस्तक १९४१ मधले. व्हिन्सेंट लोब्रुटो यांचे ‘बाय डिझाइन’ (१९९२) हे कलादिग्दर्शकांच्या मुलाखतींचे पुस्तक आहे. भारतीय वाचकाला जवळचे वाटेल ते रेचेल ड्वायर व दिव्या पटेल यांचे ‘सिनेमा इंडिया’ (२००२). त्यात हिंदी चित्रपटाच्या दृश्यरूपाचा, पोस्टरांसह, विचार आहे. मुलाखतींचे पुस्तक हा प्रकार मराठीत सहज करता येण्याजोगा होता. नितीन चंद्रकांत देसाई (१९६५–२०२३) यांना ‘हम दिल दे चुके सनम’, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मिरजेत रंगमंचावर आलेल्या बालगंधर्वांवरील २०११ च्या मराठी चित्रपटाचे ते निर्मातेही होते. एवढ्या अनुभवाच्या माणसाच्या सविस्तर तांत्रिक मुलाखतींचे मोल वेगळे सांगायला नको.

मूळ साधने आणि त्यांची स्थिती

कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भस्मसात झाला. स्टुडिओचे मालक भालजी पेंढारकर यांचे ‘साधा माणूस’ हे आत्मचरित्र उपलब्ध आहे. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. प्रभातच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आज कलादिग्दर्शन व प्रॉडक्शन डिझाइनचा अभ्यासक्रम शिकवला जातो. शेजारच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) स्थिरचित्रे, पोस्टरे व चित्रपटगृहांत विकल्या जाणाऱ्या पुस्तिका जतन केल्या आहेत.

या साधनांचा वापर करताना एक काळजी घ्यावी लागते. स्थिरचित्र हे चित्रपटाच्या फितीतून काढलेले नसते. ते वेगळ्या कॅमेऱ्याने, बहुधा चित्रीकरण थांबवून आणि नटांना पुन्हा उभे करून घेतलेले असते. त्यामुळे पडद्यावर कधीच न दिसलेला सेटचा कोपरा त्यात दिसू शकतो आणि पडद्यावरचा प्रकाश मात्र त्यात नसतो. पुस्तिकांतील श्रेयनामावलीत कलाविभागातील साहाय्यकांची नावे अनेकदा आढळत नाहीत; ती मिळालीच, तर आठवणींच्या पुस्तकांतील एखाद्या ओळीत मिळतात.