कावसजीचे नाक आणि काताच्या पट्ट्या

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापलेले पुण्याजवळील नासिकासंधानाचे वर्णन शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या फौजेतील बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. सुमारे वर्षभराने वीटकार जातीच्या एका शस्त्रवैद्याने कपाळाच्या कातड्यापासून त्यास नवे नाक बसवून दिले. या वैद्याचे नाव वर्णनात नाही. अभ्यासकांची दृष्टी बहुधा त्या कातड्यावरच खिळून राहिली. व्रणबंधाचा भाग उपेक्षिला गेला, हे योग्य झाले नाही.

वर्णनात टाक्यांचा उल्लेख नाही. सांधा धरून ठेवण्याचे काम काताचे. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा ५-६ पट्ट्या एकीवर एक बसवीत. ४ दिवस दुसरे काहीही लावीत नसत. मग त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवीत. विड्यातला कात स्तंभक असतो हे सर्वविदित आहे. येथे तो शिवणीच्या जागी आला. रोग्यास ५-६ दिवस उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. दोन्ही डोळ्यांच्या मधली, नव्या नाकास रक्त पुरविणारी कातड्याची चिंचोळी पट्टी मात्र सुमारे २५ व्या दिवशीच तोडीत.

सुश्रुतसंहितेत कातडे गालाचे आहे. व्रणावर पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण, वर कापूस आणि तिळतेलाचे सिंचन, नाकपुड्यांत नळ्या. कात तेथे नाही. तेव्हा पुण्याचा वैद्य ग्रंथ पाहून नव्हे, तर परंपरेने हाताला आलेल्या रीतीने चालत असावा.